बिनकाठाची जाळी

आमच्या मामाला काठ नसलेलं कापड बघवत नाही. टॉवेलचा दोरा लोंबताना दिसला, तर लोकांच्या घरीसुद्धा खिशातून सुई काढणारा माणूस. तीस वर्षं तो पडद्यांच्या कारखान्यात जाळी विणायच्या मशीनवर होता, आणि तीस वर्षं मामी स्वयंपाकघराच्या खिडकीला एक पडदा मागत होती. उद्या आणतो, म्हणायचा.

मग कारखान्यानं हर्नियाची जाळी बनवायला घेतली. पोटाच्या भिंतीला भोक पडलं की डॉक्टर आत ही जाळी लावतात, मांस तिच्या छिद्रांतून वाढतं आणि भोक बुजतं. जाळी मागवणाऱ्या डॉक्टरीणबाईंची अट होती, कुठूनही कापली तरी उसवता कामा नये. मामानं दीड वर्ष डोकं खपवून तशी वीण बसवली. आणि मग या शहाण्यानं काय करावं? पहिल्या चाळीस तुकड्यांना चारी बाजूंनी काठ दुमडून शिलाई मारली! काठ पोटात टोचेल, म्हणून बाईंनी सगळे परत धाडले. मामा महिनाभर गाल फुगवून बसला.

पुढे बिनकाठाची जाळी तपासण्यांतून पास झाली, कितीतरी पोटांत गेली. आणि धाग्याचं जड रीळ उचलता उचलता मामालाच हर्निया झाला. लिंबाएवढा गोळा मोसंब्याएवढा झाला, तरी गडी ऑपरेशनला तयार होईना. आज हवा बरी नाही, उद्या मशीनचं तेलपाणी आहे. शेवटी मी खनपटीलाच बसले, तेव्हा हळूच म्हणाला, "काठ नाही गं तिला. पोटात उसवली तर?"

मी कपाळावर हात मारला. स्वतः विणलेली, स्वतः तपासलेली, आणि विश्वास म्हणून नाही! तस्सा उचलला आणि त्याच बाईंच्या दवाखान्यात नेला.

भूल कमरेखालीच दिली होती. पुढचं बाईंनी मला सांगितलं. त्यांनी जाळीला कात्री लावली, तशी मामानं मान वर केली. निदान कडेला एक टाका तरी घाला, म्हणून गयावया करायला लागला. बाईंनी कापून उरलेला तुकडा त्याच्या हातात दिला.

"ओढा. उसवली तर काठ लावते."

ऑपरेशनभर तो नखांनी ओढत होता. एक धागा सुटला नाही. बाहेर आणलं तेव्हाही तुकडा मुठीत होता आणि डोळ्यांत पाणी.

"नाही उसवत गं," मला म्हणाला, जसं काही ती दुसऱ्याच कुणी विणली होती.

मामीनं पोटावरची पट्टी नीट न्याहाळली.

"तीस वर्षांत घरी येतोय तो पहिला पडदा," ती म्हणाली, "आणि तोही आत लावून बसलेत."