शनिवारचा लॉ क्लास आणि दादाचा पार्टनर

कायद्याच्या वर्गात बसलं की किस्से आपोआप साठत जातात. कारण तिथे येणारा प्रत्येकजण कुणीतरी आपल्याला फसवलं म्हणून येतो, नाहीतर कुणीतरी फसवणार आहे म्हणून. मी दुसऱ्या प्रकारातला. मला फसवणार होते सदाकाका.

दादा आणि सदाकाका मिळून इकडे अमेरिकेत, पार्सिपनी गावात ड्रायव्हिंग स्कूल चालवायचे. दोन गाड्या आणि दोन माणसं, एवढाच कारभार. पुण्या-नागपूरहून नवीन आलेल्या लोकांना ते रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायला शिकवायचे. जानेवारीत घरासमोरचा बर्फ काढताना दादा पडला, तो उठलाच नाही. फावडं अजून गॅरेजमध्ये आहे. त्याला कुणी हात लावलेला मला चालत नाही.

दोघांच्या पार्टनरशिपचा एकही कागद नव्हता. तेराव्याला सदाकाका वहिनीला म्हणाले, "स्कूलचं मी बघतो. तू काही काळजी करू नकोस." सगळे म्हणाले, केवढा देवमाणूस! मी म्हटलं, आला! वहिनीचा अर्धा हिस्सा गिळायला आला!

मी हायस्कूल अकरावीत सोडलेलं. पण कम्युनिटी कॉलेजात बिझनेस लॉच्या वर्गात परीक्षा न देता नुसतं बसता येतं, असं कळलं. त्याच दिवशी जाऊन नाव घातलं. सदाकाकांना धरायचं तर कायद्यानेच धरायचं!

*

आमचे वॉल्टरसर म्हणजे रिटायर झालेले वकील. पहिल्याच शनिवारी त्यांनी टेबलावर डोनटचा बॉक्स ठेवला आणि काही न बोलता फळ्यावर लिहीत बसले. आम्ही खायला लागलो.

मग ते वळले आणि म्हणाले, "इथला कायदा मुळात इंग्लंडहून आलेला आहे. तिकडे शेकडो वर्षांपासून एकच विचारतात. एकाने ऑफर दिली का? दुसऱ्याने ती स्वीकारली का? आणि स्वीकारायला तोंडाने हो म्हणावं लागतं असं नाही. वागण्यातूनही होतं."

असं म्हणून त्यांनी डोनटकडे बघितलं. फुकटात कोण कशाला खायला घालेल? मी हातातला अर्धा डोनट हळूच परत बॉक्समध्ये ठेवला.

शेजारी एक मराठी बाई बसल्या होत्या. मीनलकाकू. त्या माझ्याकडे बघून खालच्या आवाजात म्हणाल्या, "उष्टा ठेवलास? आता तर तो कायद्यानेसुद्धा तुझाच!"

*

मीनलकाकूंना घरून पोळीभाजीचा धंदा सुरू करायचा होता, म्हणून त्या वर्गात आल्या होत्या. एकदा वर्गानंतर मी त्यांना इंडियन ग्रोसरीत घेऊन गेलो. मेथीवर एक किंमत लिहिलेली, काउंटरवर मशीनने दुसरीच दाखवली. काकूंनी पदर खोचला. म्हणजे नव्हता, पण खोचल्यासारखं केलं.

मी सकाळीच शिकून आलो होतो. मध्ये पडलो. "काकू, इंग्लिश कायद्यात दुकानातली किंमत म्हणजे ऑफर नसते. ते नुसतं इन्व्हिटेशन असतं. ऑफर आपण काउंटरवर करतो. त्याने नाही म्हटलं तर चालतं."

दुकानदार खूश झाला. "देखा? ये लडका पढा-लिखा है!" मला असं आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी म्हटलं.

काकू मेथी काउंटरवर ठेवून तिथेच उभ्या. मागे ही लांब लाइन. "इन्व्हिटेशन आहे ना? मग पाहुणी आलेय मी. चहा कुठाय?"

मेथी लिहिलेल्या किमतीला मिळाली. चहा पण मिळाला.

*

घरातल्या शब्दांना कोर्टात फारशी किंमत नसते, हे पुढच्या एका शनिवारी कळलं. नवऱ्याने बायकोला काही कबूल केलं तर ते कॉन्ट्रॅक्ट होत नाही. दोघांनी कोर्टात जायच्या इराद्याने थोडंच कबूल केलेलं असतं? अशा जुन्या केसेस इंग्लंडमध्ये आहेत म्हणे.

मीनलकाकूंना ते अजिबात पटलं नाही. त्यांच्या यजमानांनी लग्न ठरताना कबूल केलं होतं की रविवारचा स्वयंपाक मी करीन. काकूंनी घरी जाऊन त्यांना विचारलं, "तुमचा इरादा होता की नव्हता?"

यजमान आयटीत मॅनेजर. मीटिंगमध्ये मुरलेले. ते म्हणाले, "इरादा होता गं. डिलिव्हरी डेट ठरली नव्हती."

मी हसलो नाही. मला सदाकाका आठवले. दादाला त्यांनी काय काय कबूल केलं असेल? तेही घरच्यासारखंच, चहा पिता पिता! मी त्याच संध्याकाळी त्यांना गाठलं आणि विचारलं, "काका, तुमच्यात आणि दादात लिहून ठेवलेलं काही आहे का?"

ते गाडीच्या काचा पुसत होते. म्हणाले, "लिहून? तुझा दादा साधा टेक्स्टला रिप्लाय द्यायचा का कधी?" आणि परत काच पुसायला लागले.

बघा! उत्तर दिलंच नाही!

*

वर्गात रोहन नावाचा एक मुलगा होता. जन्म इथलाच, आईबाबा ठाण्याचे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. गुढीपाडव्याला मीनलकाकूंनी आम्हा दोघांना आणि वॉल्टरसरांना जेवायला बोलावलं.

सरांनी श्रीखंड एकदा घेतलं. काकू परत वाढायला आल्या. सर म्हणाले, "नो, थँक यू." काकूंनी वाढलं. परत आल्या. सरांनी ताटावर हात आडवा धरला. काकूंनी बोटांच्या फटीतून वाढलं.

सर म्हणाले, "मीनल, मी वर्गात शिकवलं होतं. ऑफर एकदा नाकारली की ती संपते. मेली!"

"तुमच्याकडे मरत असेल," काकू म्हणाल्या. "आमच्याकडे पहिलं नको म्हणजे नुसता नमस्कार असतो."

सरांनी रोहनकडे बघितलं. "धिस इज ड्युरेस!"

काकूंनी मला विचारलं, "ड्युरेस म्हणजे काय रे?"

कायद्यात त्याचा अर्थ जबरदस्ती. मी म्हटलं, "आग्रह."

"मग बरोबर आहे," म्हणून त्यांनी चौथ्यांदा वाढलं.

*

पार्टनरशिपचा धडा आला त्या दिवशी मी सगळ्यात पुढे बसलो.

सर म्हणाले, कागद असलाच पाहिजे असं नाही. दोघं मिळून नफ्यासाठी धंदा करत असतील तर कायदा त्यांना पार्टनर मानतो. आणि जुन्या नियमाप्रमाणे त्यातला एक गेला की पार्टनरशिप तिथेच संपते. मागे राहिलेल्याने गेलेल्याचा हिस्सा त्याच्या घरच्यांना प्रामाणिकपणे द्यायचा.

मी हात वर केला. "आणि मागे राहिलेला गप्प बसला तर?"

"तर त्याच्या वागण्याकडे लक्ष ठेवा."

बाकीचा होमवर्क मी कधी केला नाही. हा केला! सोमवारपासून सदाकाकांच्या गाडीमागे माझी गाडी. त्यांचा शिकाऊ ड्रायव्हर ताशी वीस मैलांनी, मीपण ताशी वीस मैलांनी. मागचे लोक हॉर्न मारून बेजार. तीन-चार सिग्नल गेले आणि माझा फोन वाजला. सदाकाका!

"निखिल, मागे तूच आहेस ना?"

मी सीटवर खाली सरकलो.

"वळताना इंडिकेटर देत नाहीस तू. पोलिसांचं तिकीट बसेल. आणि जरा अंतर ठेव, मागे बघून ही मुलगी घाबरतेय."

*

हा किस्सा सांगावा की नाही, कळत नाही. सांगतो.

सर म्हणाले, आधीच केलेल्या गोष्टीच्या बदल्यात नंतर शब्द दिला, तर तो कायद्याने बांधत नाही. पास्ट कन्सिडरेशन. कुणाकडे उदाहरण आहे का?

मी विचार न करता उभा राहिलो. "आईबाबा कोल्हापूरला परत गेले. मी शाळा सोडलेली. तेव्हा माझ्या भावाने मला घरात ठेवून घेतलं. खाऊपिऊ घातलं. गेल्या दिवाळीत मी त्याला शब्द दिला की हायस्कूलची राहिलेली परीक्षा देईन. हे कॉन्ट्रॅक्ट आहे?"

सरांनी विचार केला. "सांभाळलं आधी, शब्द नंतर. नाही. कायद्याने बंधन नाही."

"पण सांभाळलं ना त्याने!"

"कायदा ते मोजत नाही, निखिल."

रोहनला कुठे काय माहीत होतं? मला बरं वाटावं म्हणून बिचारा म्हणाला, "सो यू आर फ्री, ड्यूड!"

मी खुर्चीला लाथ घातली आणि बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभा राहिलो. थंडी मरणाची. मोकळा आहेस म्हणे! कुणाला व्हायचंय मोकळं?

थोड्या वेळाने मीनलकाकू माझं जॅकेट घेऊन आल्या. समजूत वगैरे काही घातली नाही. जॅकेट पुढे धरलं आणि म्हणाल्या, "घाल. न्यूमोनिया झाला तर कुणावर केस करशील?"

*

आणि आता गेल्या बुधवारचा.

वहिनी दर बुधवारी दुपारी "लायब्ररीत जाते" म्हणून निघायची. परत येताना हातात एक पुस्तक नाही! मी खोलीत आलो की फोन ठेवायची. एकदा मी फोनवर नाव बघितलं. सदाकाका.

मला सगळं लख्ख कळलं. बाहेर कुठेतरी नेऊन तिच्याकडून सह्या घेत होते. वहिनी अशी की समोर ठेवलं त्यावर सही करेल. दादा होता तोपर्यंत तिला कशात बघावंच लागलं नव्हतं.

माझी गाडी काका ओळखतात, म्हणून रोहनला म्हटलं, तुझी काढ. तो म्हणाला, "व्हाय मी?" मी म्हटलं, साक्षीदार लागतो. लॉचा स्टुडंट आहेस ना?

कोपऱ्यावर वहिनी उभी होती. दादाची गाडी आली. आतमध्ये सदाकाका! वहिनी बसली. आम्ही अंतर ठेवून मागे. इंडिकेटर देऊन! गाडी हायवे सोडून त्या बंद पडलेल्या मॉलच्या पार्किंगमध्ये शिरली. चिटपाखरू नाही. कडेला काळा पडलेला बर्फाचा ढीग. गाडी थांबली, दोघं उतरले, काहीतरी बोलले आणि परत आत बसले.

रोहन म्हणाला, "डोन्ट डू एनीथिंग स्टुपिड."

तोपर्यंत मी दार उघडून पळत सुटलो होतो. गाडीच्या समोर जाऊन दोन्ही हात पसरून ओरडलो, "वहिनी, सही करू नकोस! त्यांना प्रामाणिकपणे द्यावं लागतं! कायदा आहे!"

आणि गाडी माझ्या अंगावर आली.

खोटं नाही सांगत. उडी मारल्यासारखी आली, किंचाळली आणि माझ्या गुडघ्याला टेकून थांबली. माझे दोन्ही हात बॉनेटवर. आतमध्ये सदाकाका शिकवणाऱ्याच्या सीटवर, त्यांच्या बाजूला असतो तो जादा ब्रेक दाबून, घामाने डबडबलेले. आणि दादाच्या जागेवर, स्टिअरिंगला लटकल्यासारखी वहिनी.

आमची वहिनी! ड्रायव्हिंग स्कूलवाल्याची बायको, जिला दादा सात वर्षं "बघू गं, उन्हाळ्यात" म्हणत राहिला!

वहिनी रडत होती की हसत होती, काचेतून कळत नव्हतं. सदाकाकांनी ब्रेकवरचा पाय न काढता काच खाली केली.

"अर्धी स्कूल हिची आहे," ते म्हणाले. "मालकिणीला गाडी यायला नको?"

मी बॉनेटवरचे हात काढलेच नाहीत. काढता येईनात.

"निखिल," काका म्हणाले, "बाजूला तुलाच व्हावं लागेल, बाळा. रिव्हर्स अजून शिकवलेलं नाही तिला."