भरलेले रकाने

काल संगणकावर शब्दकोशाचं एक पान उघडलं होतं. शब्द होता ‘पाला’, झाडाचा नव्हे. इटालियनमध्ये त्याचा अर्थ फावडं, कॅरेलियनमध्ये तुकडा. कॅरेलियन ही फिनलंड आणि रशियाच्या सीमेवरची भाषा. ती बोलणारी माणसं आता थोडीच उरली आहेत.

इटालियनखाली दोनच रूपं होती, एकवचन आणि अनेकवचन. कॅरेलियनखाली मात्र भला मोठा तक्ता. तुकड्याचा, तुकड्यात, तुकड्यावरून, तुकड्याविना. ‘तुकड्याविना’ असं तिथे तरी रोज कोण म्हणत असेल? तरीही कुणीतरी चिकाटीने बसून तो रकाना भरला होता. मला माझीच लाज वाटली.

माझी आई मालवणी बोलते. नातवंडांशी मात्र ती अडखळत पुस्तकी मराठी बोलते, आणि आम्ही तिला कधी अडवलं नाही. मी वही घेऊन तिच्यापुढे बसले.

“आई, तुकड्याला तू काय म्हणतेस?”

“कसलो तुकडो? माशाची तुकडी, खोबऱ्याची कातळी, आंब्याची फोड. आणि ह्यां लिवन वाचतलो कोण?”

“कुणी वाचो न वाचो, मी लिहिणार,” मी म्हटलं. ती उठून गेली.

आज सकाळी मुलं शाळेला निघाली होती. स्वयंपाकघरातून आईचा खणखणीत आवाज आला, “अगो, गुळाचो खडो लिवलंस काय?”

मुलं दारातच थबकली. आजीचा हा आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता.

मी वही उघडली.