काळ्या कोटांची बातमी

आमच्या शेजारी अल्बेनियन कुटुंब राहतं, हे ऑफिसात सांगितलं तेव्हा एकाने लगेच भुवया उंचावल्या. "जपून राहा यार," तो म्हणाला, "मूव्हीजमध्ये बघितलंयस ना?" त्याने आयुष्यात एकही अल्बेनियन माणूस पाहिला नव्हता. सिनेमातल्या गुंडाला हल्ली त्याच देशाचा करतात, एवढ्या पुराव्यावर हा निकाल लावून मोकळा.

मी पाहिले ते अल्बेनियन असे होते. अमेरिकेतल्या नेपरव्हिल या उपनगरातल्या आमच्या पहिल्या हिवाळ्यात नवरा भारतात गेलेला आणि रात्रभर बर्फ पडलेलं. सकाळी दार उघडलं तर शेजारणीचे सासरे, चांगले सत्तरीचे, आमचा ड्राइव्हवे फावड्याने साफ करून चाललेले. मी मागून पळत जाऊन थँक यू म्हटलं तर म्हातारबुवा चक्क रागावले. शेजाऱ्याचे आभार मानतात का, असं त्यांनी सुनेकडून मला इंग्रजीत विचारलं. त्यानंतर मी कधी आभार मानले नाहीत. उन्हाळ्यात त्यांच्या मांडवावरची द्राक्षं आमच्याकडे यायची, आमच्याकडून चिवडा जायचा.

म्हातारबुवा वारले तेव्हा आमची गल्ली गाड्यांनी भरून गेली. डेट्रॉइटहून, न्यूयॉर्कहून माणसं आली. काळे कोट घातलेले पुरुष पुढच्या खोलीत भिंतीला लागून बसायचे. येणारा माणूस प्रत्येकाशी हात मिळवायचा, छातीवर हात ठेवायचा, साखर न घातलेली कॉफी प्यायचा आणि गप्प बसायचा. हे कित्येक दिवस चाललं होतं. माझा नवरा भेटायला गेला तर त्याला थेट मोठ्या मुलाच्या शेजारी बसवलं. मी आपल्या पद्धतीने पिठलं-भात करून नेला. सुतकाच्या घरी चूल पेटवू देत नाहीत, शेजारी जेवण नेतात, हे मी शेजारणीला सांगितलं तेव्हा ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "आमच्याकडेही असंच," एवढंच म्हणाली. मला त्या दिवशी वाटलं, एवढ्या लांब येऊन आपल्याला माहेरच्या गल्लीतलं घर मिळालं.

काही महिन्यांनी माझ्या मैत्रिणीची मुलगी आली. मैत्रीण आमच्या मराठी मंडळातली, गणपतीला उकडीचे मोदक आम्ही दोघींनी मिळून करायचे, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. मुलगी इथेच जन्मलेली, एका चॅनलसाठी माहितीपट करणारी. "मावशी, उपनगरात नवे आलेले लोक कसे राहतात, त्यावर करतेय," असं मोडक्या पण गोड मराठीत म्हणाली. कॅमेरावाल्यालाही तिने थालीपीठ खायला लावलं. लोण्याची वाटी दोनदा मागितली. मग म्हणाली, "जसं आईशी बोलता ना, तसं बोला."

मी तशीच बोलले. आपल्या माणसासमोर कोण शब्द तोलतं? शेजाऱ्यांच्या घरी माणूस गेलं तेव्हा काय झालं, ते मी भरभरून सांगितलं. रस्ताभर गाड्या, काळे कोट, एक निरोप गेला की कुठून कुठून येऊन उभी राहणारी माणसं. आणि शेवटी म्हटलं, आमच्यात आता एवढं राहिलं नाही, मला त्यांचा हेवा वाटतो. मुलीने मान डोलावली. तिचे डोळे पाणावले होते असंही मला वाटलं. माझे मलाच भास होत असतील.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी आम्ही दोघं हौसेने टीव्हीपुढे बसलो. सुरुवातीलाच पोलिसांच्या गाड्यांचे दिवे आणि मग छातीत धडधड व्हावी असं संगीत. नवे आलेले लोक वगैरे काही नाही, अल्बेनियन टोळ्या अमेरिकेच्या सभ्य उपनगरांत कशा शिरल्या, हा विषय! मग पडद्यावर मी. "रस्ताभर गाड्या. सगळे पुरुष, काळे कोट. एक निरोप गेला की ते येतात." बस. मयत नाही, म्हातारबुवा नाहीत, हेवा नाही. माझा चेहरा, माझा आवाज, माझी चांगली गुलाबी साडी, आणि लगेच शेजारचं घर. खिडक्या धूसर केल्या होत्या, पण द्राक्षांचा मांडव लख्ख दिसत होता. गल्लीतल्या कुठल्याही पोराने ओळखला असता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मग मी खिडकीतून पाहिलं. शेजारी दिवा लागलेला होता आणि त्यांच्याकडेही टीव्ही होता.

मी आधी तिकडेच गेले. शेजारणीच्या नवऱ्याने दार किलकिलं केलं, ती झोपलीय म्हणाला. दुसऱ्या दिवशीही ती झोपलेलीच. तिसऱ्या दिवशी ती गाडीतून उतरली, मी हात केला, ती सरळ आत गेली. तेव्हा मला कळलं की नुसतं तोंडी सांगून भागणार नाही. मी पूर्ण काय बोलले होते ते तिला ऐकवलं पाहिजे. ते ऐकलं की ती माझी, नाहीतर गेली.

मुलीला फोन केला. "इट वॉज एडिटेड, मावशी. इट्स नॉट माय कॉल." मी म्हटलं, बरं, मला माझं मूळ रेकॉर्डिंग दे, एकदा फक्त शेजारणीला दाखवते. ते चॅनलचं आहे, देता येत नाही, म्हणाली. चॅनलला लिहिलं. तुमचे शब्द तुमचेच आहेत, आम्ही एकही बदललेला नाही, असं दोन ओळींत उत्तर आलं.

मग तिच्या आईला गाठलं. मला वाटलं, ही तरी लेकीचा कान धरेल.

"अगं, एवढं काय सीरियस घेतेस?" मैत्रीण म्हणाली. "तिचं करिअर आत्ता कुठे पिकअप होतंय. आणि खरं सांग, ते लोक तसलेच असतात ना?"

मागच्याच वर्षी एका विनोदी मालिकेत आपल्या लोकांच्या डब्याच्या वासाची टिंगल झाली, तेव्हा हीच बाई मंडळात टेबलावर हात आपटून बोलली होती. आमच्या मुलांना शाळेत काय वाटेल, असं सगळ्यांना विचारत होती. निषेधाच्या पत्रावर पहिली सही तिची होती. मी तिला त्याची आठवण करून दिली. "ते वेगळं गं," ती म्हणाली. तिने केसाने गळा कापला आणि वर मलाच शहाणपणा शिकवला. मी फोन ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

शेवटी एका शनिवारी शेजारीण अंगणात वेलीच्या फांद्या छाटत होती, तेव्हा मी जाऊन तिच्यासमोर उभीच राहिले. एका दमात सगळं सांगितलं. मी काय बोलले होते, त्यांनी काय कापलं, मला कसं फसवलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "तू वाईट बोलणार नाहीस, हे मला माहीत होतं," ती म्हणाली. "आम्हाला असंच दाखवतात. लहानपणापासून बघतोय. कापलंय हे कळायला मला अर्धं मिनिट लागलं."

मला एवढं हलकं वाटलं की मी तिचा हातच धरणार होते.

"पण ती मुलगी तुझ्या घरून निघाली ती माझ्याकडे आली. मी तुमच्या शेजारणीची भाची, असं म्हणाली. माझ्या घरात परका कॅमेरा कधी आला असता का? तुझी भाची म्हणून मी दार उघडलं. सासऱ्यांच्या खुर्चीवर बसवलं तिला. मांडवाखाली नेलं. त्यांनी लावलेली वेल आहे, असं मीच तिला दाखवलं." तिने हातातली कात्री खाली ठेवली. "तू बोललीस त्याचा मला राग नाही. तू तुझं माणूस माझ्या घरात पाठवलंस."

"ती माझी भाची नाही," मी म्हटलं. "तिच्या आईची मी मैत्रीण होते. आमच्यात सगळ्याच मुली मावशी म्हणतात. मी तिला पाठवलं नव्हतं, मला माहीतही नव्हतं."

शेजारीण माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिला माझ्यावर विश्वास ठेवायचा होता, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"तीसुद्धा इथेच उभी होती," ती म्हणाली. "तिचाही चेहरा असाच खरा वाटत होता."

आणि ती पुन्हा फांद्या छाटायला लागली.