मुटका

दौंडच्या आमच्या पार्सल ऑफिसातला तो कारकून चहाचा ग्लासही आवाज न करता ठेवायचा. स्प्रिंगबोर्डवरून सूर मारण्यात एके काळी देशात पहिला. त्याच खेळावर रेल्वेत लागलेला. इथं त्याचा सूर कुणी पाहिला नव्हता.

यवतजवळच्या आमच्या विहिरीवर मीच एकदा आग्रह केला. काठावर त्यानं टाचा उचलल्या, हवेत कोलांटी घेतली आणि सुईसारखा पाण्यात शिरला. थेंब उडाला नाही. त्याच्या खेळात तेच खरं कसब.

आमच्या आबांना मात्र गुडघे पोटाशी धरून मारलेला मुटकाच ठाऊक. ते म्हणाले, "न्हाई जमली उडी, साहेब. पाणीच उडालं न्हाई."

मी समजावणार, तोच तो म्हणाला, "व्हय आबा, न्हाई जमली."

मग वर चढून त्यानं मुटका मारला. आबांचं धोतर भिजलं, काठावर जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडं त्यानं पाहिलं नाही.