निळ्या झाकणावरची तेलाची जागा

सोमलताने रंगवलेलं झाकण परत आलं, ही बातमी श्रीलंकेतल्या गंपहाच्या गॅरेजांच्या गल्लीत दुपारच्या भाताआधीच पसरली. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. तिच्या हातचा रंग निघत नाही, एवढ्या एका गोष्टीवर तिचं दुकान चाललं होतं. त्याला साधी पाटीसुद्धा नव्हती.

तिचं काम गाडीच्या आतल्या प्लास्टिकचं. डॅशबोर्ड, दारांच्या पट्ट्या, हँडलं, खणांची झाकणं. आधी ती कपड्यांच्या कारखान्यात होती, कापडाच्या छटा जुळवायला. कारखाना बंद पडल्यावर तीच नजर तिने प्लास्टिककडे वळवली. पुढे आयातबंदीने देशात नव्या गाड्या येणंच थांबलं, लोक तीस-पस्तीस वर्षांच्या गाड्या म्हाताऱ्या नातेवाइकांसारख्या सांभाळायला लागले, आणि सोमलताला मान वर करायला फुरसत उरली नाही.

बाकीचे कारागीर रंगाचे डबे उघडून अंदाज बांधत. ही आधी डॅशबोर्डातला ॲश-ट्रे उपसून काढी. त्याच्या मागे ऊन कधी पोचलेलं नसतं, गाडीचा जन्माचा रंग तिथे सापडतो. मग भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, कोमट पाणी. सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर, त्यावर प्रायमर, आणि मग रंगाचे धुरासारखे पातळ चार हात. जाड हात मारला की प्लास्टिकवरचा चामड्यासारखा खडबडीतपणा बुजतो आणि डॅशबोर्ड खेळण्यातला दिसायला लागतो. शेवटी सात दिवस कोणी बोट लावायचं नाही.

तिचं वैर फक्त खोबरेलाशी. या देशात डोक्याला खोबरेल, गुडघ्याला खोबरेल, दाराच्या बिजागरीला खोबरेल. प्लास्टिक पांढुरकं पडलं की लोक तेच चोळतात. दोन दिवस चकाकतं, मग चिकट होतं, धूळ धरतं, मुंग्या लागतात. आणि त्यावर रंग बसत नाही. म्हणून गाडी दारात आली की तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

विजेतुंग सरांनाही तिने तो विचारला होता. सर निवृत्त मुख्याध्यापक. गाडी अठ्ठ्याऐंशी सालची, जपानी, आतून सगळी निळी.

"तेल लावलंय का कधी?"

"मी चाळीस वर्षं गणित शिकवलं, सोमलता."

"गणिताचा काय संबंध, सर? लावलंय की नाही ते सांगा."

"नाही."

तरी महिनाभरात डाव्या बाजूच्या खणाचं झाकण परत आलं. मधोमध अंगठ्याएवढा रंग सुटला होता. तिने सगळा रंग खरवडला, झाकण पहिल्यापासून केलं. पंधरा दिवसांनी पुन्हा परत. तीच जागा.

समोर जिनदासचं सीटा शिवायचं दुकान होतं. तो सुई तोंडात धरून बोलायचा. तिला अक्का म्हणायचा, ती त्याला मल्ली, म्हणजे धाकटा भाऊ.

"अक्का, आता एक पाटी करून घे. 'इथे रंग लावून काढून मिळेल.'"

"तुझी शिवण उसवते तेव्हा मी बोलते का, मल्ली?"

"रोज बोलतेस."

सरांना थट्टा सुचत नव्हती. "आता रंग निघाला तर गाडी कोलंबोला नेणार," ते म्हणाले. "तिथला माणूस विचारतोय, आधी कोणाकडून केलंत. अजून मी नाव घेतलेलं नाही."

हे ऐकून सोमलताने दोन दिवस दुसरं काम हातात घेतलं नाही. दुसऱ्यांदा रंग खरवडताना तिने ते झाकण नाकाशी धरलं. खोबरेल होतंच, पण त्यात लिंबू होतं, हळद होती, कसल्या तरी पाल्याचा उग्र वास होता. हा वास तिच्या ओळखीचा होता. एप्रिलात नवं वर्ष लागलं की मुहूर्त बघून घरातलं मोठं माणूस सगळ्यांच्या टाळूला तेल लावतं, त्या तेलाचा.

या वेळी झाकण बसवायला ती स्वतःच सरांच्या घरी गेली. सर चहा टाकायला आत गेले. ती झाकणाचे स्क्रू आवळत होती, तेवढ्यात डावीकडचं दार उघडून सरांची आई शेजारच्या सीटवर येऊन बसली. वय अठ्ठ्याऐंशी, हातात पितळेची वाटी.

"उठली का ही आजारातून?" म्हातारीने विचारलं.

"कोण, अम्मा?"

"गाडी. तिसऱ्यांदा दवाखान्यातून आली. बरं होऊन घरी आलेल्याला तेल लावायला नको?"

"दर वेळी लावता?"

"दर वेळी. शिवाय दर एप्रिलला लावतेच. घरातल्या सगळ्यांना लावायचं आणि हिला वगळायचं? सुनेला घरात हिनेच आणलं. सून गेली कॅनडाला लेकीकडे. ही आहे."

"पण इथे का? बॉनेटला लावा की."

"बॉनेटला धूळ चिकटते. मी इथे बसते, माझ्यासमोर हेच येतं."

"सरांना माहीत आहे?"

"त्याला काय सांगायचं? तेलाची बाटली त्याने उंच फळीवर ठेवलीय. म्हणतो, तू सांडतेस, घसरून पडशील. मी वाटीभर आधीच काढून उशाशी ठेवलं." आणि तिने अंगठा वाटीत बुडवला.

सोमलताने तिचं मनगट धरलं. मग खिशातली पेन्सिल काढून झाकणावर बांगडीएवढा गोल काढला.

"याच्या आत लावायचं, अम्मा. बाहेर थेंब गेला तर ही परत दवाखान्यात."

म्हातारीने गोल नीट निरखला आणि बरोबर मधोमध अंगठा टेकवला.

सर चहा घेऊन आले तेव्हा वाटी पदराखाली गेली होती आणि सोमलता झाकण पुन्हा काढत होती.

"आता काय झालं?"

"मधली जागा रंग धरत नाही, सर. तेवढं मूळ प्लास्टिक उघडं ठेवते, भोवतीचा रंग विरत विरत तिथवर आणते. मग निघणार नाही."

"म्हणजे तुला जमत नाही."

सोमलताने म्हातारीकडे पाहिलं. ती समोरच्या काचेतून फाटक बघत होती.

"नाही जमत," सोमलता म्हणाली आणि चहा प्यायली.

झाकण तसंच झालं. सगळं निळं आणि मधे जुनाट, किंचित तेलकट वर्तुळ. सर गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाला ते दाखवत आणि कोणाचं काम ते नाव घेऊन सांगत. दोन गिऱ्हाइकं कोलंबोला गेली. जिनदासने खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने त्याला शिवणीकडे लक्ष द्यायला सांगितलं.

पुढच्या मे महिन्यात सर दारांच्या पट्ट्या करायला आले. कोलंबोवाल्याने चार महिन्यांनंतरची तारीख दिली होती. सोमलता आत वाकली. झाकणावर ताजं तेल होतं, सगळं वर्तुळाच्या आत. कडेवरून तिने नख फिरवलं. रंग कुठेही उचलला नव्हता.

"तेल लावलंय का कधी?" तिने विचारलं.

"कितीदा सांगू? नाही."

"बरं," म्हणून तिने ॲश-ट्रे काढायला घेतला.