तीन ताटल्यांतली माती आणि राईची वाइन

हे प्रवासवर्णन लिहायला पन्नासेक वर्षं उशीर झाला, माफी असावी. मी सातवीपर्यंत शिकलेला. नातीने ब्लॉग काढून दिला तेव्हा कुठे धीर आला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मिलमधला माझा सोबती पास्कू म्हणाला, "आमच्या राई गावाला चल. तू कधी घोटभर प्यायला न्हाईस ना? मग तूच पायजेस." तेव्हा दारूबंदीचा धाक होता. तरी गेलो.

भाईंदरला उतरून टांगा केला. वाटेत मिठागरं, ऊन डोळ्यांत घुसतं. जाणाऱ्याने टोपी आणि प्यायचं पाणी न्यावं, विहिरी मचूळ आहेत.

पास्कूच्या घरचा द्राक्षमळा म्हणजे तीन तुकडे. वरचा डोंगराच्या तांबड्या मातीत, मधला भाताच्या खाचरात, खालचा थेट खाडीला लागून. हा खालचा तुकडा पास्कूचे वडील मिठागराला देणार होते. तिथल्या वेली पास्कूच्या आत्याने लावलेल्या, ती अडून बसलेली. त्यांच्या घरची रीत अशी, की वाइनवरून भांडण पेटलं की कधीच न प्यायलेल्या पाहुण्याने निकाल द्यायचा. पिणारा सगळ्यालाच छान म्हणतो.

जेवायला बसलो, तर आत्याने पुढ्यात तीन ताटल्या ठेवल्या. तिन्हींत माती.

"आधी ही चाट, भावा. माती कळली न्हाय तर वाइन काय कळंल?"

"जंत होतील हो!"

"आमाला झालं काय?"

चाटली. काय करणार? मग पेले आले. तांबड्या मातीतली वाइन तुरट आणि कडक. आत्या म्हणाली, तिथं पाणी ठरत नाही, द्राक्षं बारीक राहतात. खाचरातली पाणचट, मुळं चिखलात भिजत बसतात म्हणून.

"आनि खाली खाडीचा वारा हाय," ती म्हणाली. "पानांवरचं दव सकाळीच सुकतं, केवड्याचा रोग धरत न्हाय."

"वारा हाय, पन माती खारी," वडील म्हणाले. "वाइन हाय का कालवण?"

तिसरा पेला उचलला. आत्या माझ्याकडे बघत नव्हती, खिडकीतून वेलींकडे बघत होती. मी प्यायलो आणि घाबरून खरं तेच बोललो, "आमच्याकडच्या कैरीच्या लोणच्याच्या पाण्यासारखी लागते."

वडील हसले. "ऐकलंस? लोनच्याचं पानी! फेकायचंच ना ते?"

"फेकतंय कोण?" माझा आवाज चढला. "रत्नागिरीला त्या पाण्यावरून आम्ही भावंडं भांडायचो!"

आत्याने मांडीवर थाप मारली. "झाला निकाल! वेली ऱ्हातील!" वडील म्हणाले, "बरं. पन यापुढं ती बाटलीत न्हाय, बरनीत भरायची."

तशी एक बरणी माझ्या गळ्यात पडली. परतताना पोलीस दिसला की मी आपणहून सांगत सुटायचो, "लोणचं आहे हो!" विचारलं कुणीच नाही. घरी बायकोने बोट बुडवून चाखलं, म्हणाली, "मीठ कमी पडलंय," आणि चिमूटभर टाकलं.

पास्कूचा पत्ता हरवला. बरणी मात्र आहे, आता तिच्यात खरंच लोणचं असतं. परवा नातीने फोनवर राई दाखवली. इमारतीच इमारती. त्यात तो तुकडा कुठे शोधू? मी निकाल दिला आणि पुन्हा बघायला गेलोच नाही, याचा घोर लागलाय. तुमच्यापैकी कोणी तिकडे गेलं, तर खाडीकाठी वेल दिसते का बघा. नाहीच दिसली तर जरा माती चाटून बघा, खारी लागते का ते. जंत होत नाहीत, मला झाले नाहीत. पण कळवा लवकर, माझं वय झालंय.