वेगळे शब्द वापरून पाहा

कुठलीही वेबसाइट समोर आली की खैरनारबाई आधी तिच्या कोपऱ्यातल्या शोधाच्या भिंगावर बोट ठेवायच्या. फोटो, घोषणा, 'आमच्याविषयी' यातलं काही पाहायच्या नाहीत. एक साधा शब्द टाकायचा, वाट पाहायची आणि नाकातून हसायचं. "गेली," म्हणायच्या. म्हणजे ती साइट त्यांच्यापुरती मेली. माझ्यादेखत त्यांनी अशा कितीतरी मारल्या, दवाखान्यांच्या, कॉलेजांच्या, कुणाकुणाचे कवितांचे ब्लॉग. त्यात एक आमचीही होती.

बाईंनी सगळी नोकरी सातपूरच्या एका कारखान्यात, स्टोअरच्या खिडकीमागं काढली. मूळच्या सटाण्याकडच्या. फार चिडल्या की "काय शे हाई?" असं अहिराणीत बाहेर पडायचं, म्हणजे 'काय आहे हे?' खिडकीवर येणारा कामगार पार्ट नंबर सांगत नाही. तो बोटांनी आकार दाखवतो आणि "ते वाकडं, मागं भोक असलेलं" म्हणतो. बाईंनी प्रत्येक खणावर कंपनीच्या नावाखाली कामगारांनी ठेवलेली नावंही खडूनं लिहिली होती. एकाच वस्तूची चार-पाच. "माणूस मागायला आलाय म्हणजे वस्तू त्याला माहीत आहे. नाव माहीत नसलं तर ती अडचण माझी, त्याची नाही," असं त्या म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर त्या आमच्या कंत्राटी कामगार संघटनेच्या कचेरीत येऊन बसू लागल्या. आता त्या नाहीत. शोकसभेत आमच्या पुढाऱ्यांनी त्यांना 'रणरागिणी' म्हटलं. बाईंपर्यंत पोचायचं कसं हे त्या पुढाऱ्यांना बाई जिवंत असतानाही कळलं नव्हतं.

संघटनेच्या साइटवर लिहायचो मी. माझा हात पत्रकांवर तयार झालेला. शीर्षकात टाहो, वणवा, नाहीतर एल्गार आला नाही तर लेख अर्धवट वाटायचा. साइट बांधून दिली होती गंगापूर रोडच्या एका गृहस्थानं. तयार ब्लॉगचा साचा घ्यायचा, त्यावर मोर्चाचे सरकते फोटो लावायचे आणि दर तिसऱ्या वाक्यात 'युजर' म्हणायचं, एवढी त्याची विद्या. आमच्या कमिटीला ती फार मोठी वाटली, कारण फोटोत कमिटी होती.

बाईंनी पहिल्याच दिवशी भिंगावर बोट ठेवलं आणि 'बोट कापलं' असं टाकलं. उत्तर आलं: 'काहीही आढळले नाही. कृपया वेगळे शब्द वापरून पाहा.'

"वा!" बाई म्हणाल्या. "माझ्या खिडकीवर रक्तानं भरलेला माणूस आला आणि मी म्हटलं, जा, वेगळे शब्द घेऊन ये, तर त्यानं पाना फेकून मारला असता. आणि बरोबर केलं असतं."

वेबसाइटवाला समोरच होता. "मॅडम, आपला सर्च फक्त शीर्षकात बघतो. त्यामुळं फास्ट राहतो."

"फास्ट कशाला? नाही म्हणायला?"

तो हसला. मीही हसलो, हे लिहायला आज लाज वाटते. म्हातारीची गंमत म्हणून मी ते सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात मोहन भोये कचेरीत आला.

मोहन पेठकडचा. कंत्राटदारामार्फत एका छोट्या वर्कशॉपमध्ये प्रेस मशिनवर होता. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत. दवाखान्यात कंत्राटदाराच्या माणसानं त्याच्यापुढं कागद धरला होता: मी स्वखुशीनं काम सोडत आहे, माझी काही तक्रार नाही. मोहननं डाव्या हातानं सही केली होती.

"अरे, सही का केलीस?" मी ओरडलो. "साइटवर सगळं लिहिलंय आम्ही!"

"पाहिलं ना दादा. खाटंवर पडल्या पडल्या तीनदा पाहिलं." त्यानं फोन पुढं केला. "काय नाय निघालं."

त्यानं टाकलं होतं 'कंपनी सही मागते'. मग 'सही करू का'. मग नुसतंच 'सही'. तिन्ही वेळा आमच्या क्रांतिकारी साइटनं त्याला वेगळे शब्द वापरायला सांगितलं होतं.

साइटवर याच विषयावर माझा लेख होता. शीर्षक, 'भरडलेल्या हातांचा टाहो'. सातव्या परिच्छेदात शोषणाचा इतिहास संपवून मी लिहिलं होतं: 'व्यवस्थापनाने पुढे केलेल्या कोणत्याही दस्तऐवजावर स्वाक्षरी करू नये.' वाक्य निर्दोष होतं आणि काडीच्या उपयोगाचं नव्हतं.

त्या दिवसापासून बाईंनी साइट ताब्यात घेतली. लोक काय शोधतात आणि त्यांना काय मिळत नाही, याची यादी वेबसाइटवाल्याकडून दर सोमवारी मागवली. तो म्हणाला, "युजर काहीही टाकतात हो." बाई म्हणाल्या, "काहीही नाही टाकत. जे दुखतं ते टाकतात." ती यादी त्या कमिटीच्या बैठकीत वाचायच्या, सावकाश, एकेक ओळ. पुढारी घड्याळं बघायचे. शोध लेखाच्या पोटातही चालायला हवा, प्रत्येक लेखाखाली लोकांचे शब्द असायला हवेत, काहीच निघालं नाही तर तिथं कचेरीचा फोन नंबर दिसायला हवा, एवढ्याच मागण्या. कारखानदारांपुढं गर्जणाऱ्या आमच्या कमिटीला त्या मान्य करायला तीन बैठका लागल्या. मध्यंतरी एकानं भिंगच काढून टाकू म्हटलं, म्हणजे तक्रार राहणार नाही.

मीही काही वेगळा नव्हतो. बाईंनी माझं शीर्षक खोडून 'हात मशिनमध्ये गेला तर पहिल्या दिवशी काय करायचं' असं लिहिलं, तेव्हा मी भडकलो. "हे काय मोटारसायकल दुरुस्तीचं पुस्तक आहे का?"

"असतं तर बरं झालं असतं. ते वाचून मोटारसायकल चालू तरी होते."

"बाई, लेखाला धार लागते."

"लागते ना. मोहनला लागली."

मी आठवडाभर त्यांच्याशी बोललो नाही. आज त्या साइटवर 'सही करू का' टाकलं की पहिल्याच ओळीत 'नाही' येतं. ते बाईंचं काम. मी मात्र तेव्हा माझ्या शीर्षकावर अडून बसलो होतो. मोहनच्या भरपाईचं ऐकून वकिलांनी तोंड वाकडं केलं होतं, त्यानं केलेली सही आडवी येत होती आणि मोहन गावी परत गेला होता. एका रविवारी बाई म्हणाल्या, "चल. तुझा लेख छापून घे." आम्ही एसटीनं पेठला गेलो, तिथून जीपनं त्याच्या गावी.

मोहननं डाव्या हातानं चहा दिला. बाई म्हणाल्या, "वाच याला."

मी वाचला. टाहोपासून दस्तऐवजापर्यंत, सगळा. मोहन मान खाली घालून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "चांगलं लिव्हलंय." मग त्यानं विचारलं, टोमणा म्हणून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून, "दादा, हे तुम्ही कोनासाठी लिव्हलं व्हतं?"

मी खैरनारबाईंकडं पाहिलं. एरवी समोरच्याला शब्द सापडला नाही की त्या आपला देऊन मोकळ्या व्हायच्या. त्या दिवशी त्यांनी कप खाली ठेवला आणि मोहनबरोबर त्याही माझ्या उत्तराची वाट बघत बसल्या.